महानुभावांची ग्रंथसंस्कृती : स्मरण, लेखन आणि सकळ लिपी

प्रस्तावना :
मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात ग्रंथ व ग्रंथकार यांचा विचार पुष्कळ होतो. परंतु ग्रंथ कोणी पाठ केले व कोणी सांभाळले, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात महानुभाव पंथाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

संकलन व स्मरण :
श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे 'लीळाचरित्रा'त संकलित केल्या. या ग्रंथाचा काळ इ. स. १२७८ च्या सुमारास मानला जातो. प्रत्यक्ष साक्षीदारांना भेटून लीळा मिळवाव्यात व नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घ्याव्यात, अशी त्यांची पद्धती होती. संस्कृत न जाणणाऱ्या स्त्रियांनाही धर्म कळावा, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. याच वातावरणात महदाइसेने 'धवळे' रचले.

पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा हिराइसेसारख्या अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध केले. जेथे आठवणी जुळल्या नाहीत, तेथे भिन्न पाठ 'वासना' म्हणून नोंदविला गेला. दुसऱ्याची आठवण न पुसण्याची ही शिस्त विशेष महत्त्वाची होय.

लिपीचे कवच :
चौदाव्या शतकात पंथाने सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्या स्वीकारल्या. त्यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले. पण पंथाबाहेरील मराठी वाचक त्यांना शतकानुशतके मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे चीनचे उदाहरण उद्बोधक ठरते. इ. स. ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेले वज्रच्छेदिका सूत्र तुनह्वांग येथील बंद गुहेत राहिले. ती गुहा १९०० मध्ये उघडली. तेथे ग्रंथ भिंतीने झाकले, येथे लिपीने. मात्र येथील पोथ्यांना पंथात वाचक सतत लाभत राहिले, हा मोठा भेद आहे.

समारोप :
पोथी टिकण्यासाठी कागदाइतकीच जाणत्या वाचकाचीही आवश्यकता असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता गोदाकाठच्या ताडकळस, पूर्णा, गंगाखेड परिसरातील विद्यार्थ्यांनी मठांतील व घरांतील पोथ्यांची नोंद करावी आणि त्या वाचणाऱ्या वृद्धांकडून वाचन शिकून घ्यावे. अन्यथा पोथी हाती राहील, परंतु ती वाचणारा उरणार नाही.