ब्रेकर पडतो म्हणून डायल फिरवू नका

माजिवड्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याचे रूप गेल्या तीस वर्षांत पार पालटले. जुने कारखाने गेले, टॉवर आले. कोलशेत, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत दुकानांची रांग लागली. तरीही आतल्या गल्ल्यांतून कापडाची गोदामे, शिलाई, इस्त्री आणि पॅकिंगचे गाळे टिकून आहेत. या गाळ्यांत भाडेकरू बदलतात, धंदा बदलतो. भिंतीवरचे विजेचे पॅनेल मात्र तेच राहते. काल जिथे गठ्ठे पडून असत तिथे आज शिलाई यंत्रे, स्टीम इस्त्रीचा बॉयलर आणि दोन एसी चालतात. ब्रेकरवरचा आकडा मात्र कालच्या भाडेकरूच्या हिशेबाचा असतो.

मग ब्रेकर वारंवार पडू लागतो. कारागीर हात बांधून बसतात, ऑर्डर रखडते आणि वायरमनला हुकूम सुटतो, "आकडा वाढवून टाक." तो स्क्रू-ड्रायव्हरने डायल शेवटपर्यंत फिरवतो. ब्रेकर पडायचा थांबतो, आपण समाधानाने चहा मागवतो. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळत असत. हे काम त्याच जातीचे, फक्त दिसायला स्वच्छ.

कापडाच्या धंद्यात याची किंमत मोठी आहे. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जण दगावले. त्यांत कामगार होते आणि मालकाच्या घरची माणसेही. कारण शॉर्ट सर्किट असावे, असे पहिल्या बातम्यांत आले होते. सूत, रुई, कागदी पुठ्ठा आणि वर झोपलेली माणसे हे चित्र आपल्याही कितीतरी गाळ्यांत आहे. म्हणून व्यापाऱ्याने या डायलची निदान तोंडओळख करून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

ब्रेकर कोणासाठी?

ब्रेकर मुख्यतः तारेसाठी असतो. तार किती अँपिअर सोसते हे तिच्या जाडीवर, ती पाइपातून गेली आहे की उघडी आहे यावर आणि आसपासच्या उष्णतेवर ठरते. नियम साधा आहे : चालणारा भार ब्रेकरच्या आकड्यापेक्षा कमी आणि ब्रेकरचा आकडा तारेच्या ताकदीपेक्षा कमी. ही उतरंड उलटी झाली की ब्रेकरच्या आधी तार तापते.

ब्रेकरच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी. जास्त प्रवाहाने ती तापते, वाकते आणि सावकाश ब्रेकर पाडते. दुसरे चुंबकी वेटोळे. शॉर्ट सर्किट होताच ते क्षणात खटका ओढते.

छोटा ब्रेकर, म्हणजे एमसीबी

याला डायल नसते, आकडा कारखान्यातूनच ठरून येतो. इथे लोक डायलऐवजी ब्रेकरच बदलतात. १६ चा काढून त्याच तारेवर ३२ चा बसवतात. प्रमाणानुसार एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाहावर एका तासाच्या आत पडायचे असते. म्हणजे ३२ चा ब्रेकर ४६ अँपिअर जवळजवळ तासभर चालू देऊ शकतो. पाइपातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एवढ्यासाठी नसते.

यंत्र सुरू करतानाच एमसीबी पडत असेल तर अक्षर पाहावे. 'बी' जातीचा ३ ते ५ पट प्रवाहावर तत्काळ पडतो, 'सी' ५ ते १० पट, 'डी' १० ते २० पट. मोटर सुरू होताना सहा-सात पट प्रवाह ओढते. तिथे 'बी' बसवलेला असेल तर आकडा न वाढवता जात बदलणे हाच इलाज.

मोठा ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी

डायल असते ती इथे. १०० अँपिअरच्या ब्रेकरवर ०.८ ते १ अशी खूण असेल तर तो ८० ते १०० अँपिअरपर्यंत लावता येतो. केबल ८५ अँपिअरची असेल तर डायल ०.८ वरच हवी. पुष्कळ ब्रेकरांवर दुसरी, चुंबकी डायलही असते, साधारण ५ ते १० पट. मोटर सुरू होताना ब्रेकर पडतो म्हणून ती वाढवणे कधी कधी योग्य असते. पण केबल लांब असेल तर टोकाला शॉर्ट झाल्यावर तेवढा प्रवाह येतच नाही. मग ब्रेकर क्षणात न पडता रेंगाळतो. हे गणित जाणकारानेच करावे.

मोटरचा रिले

स्टार्टरखालच्या ओव्हरलोड रिलेवर मोटरच्या पत्र्यावर लिहिलेला अँपिअर लावायचा, त्याहून जास्त नाही. समजा मोटर ७.५ अँपिअरची आहे आणि रिले ६ ते १० चा. भरल्या कामात एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांत प्रवाह सुमारे १.७३ पट, म्हणजे १३ अँपिअर होतो. रिले ७.५ वर असेल तर तो लवकर पडतो. १० वर ठेवला असेल तर त्याला हा भार जेमतेम १.३ पट वाटतो. तो वाट पाहत बसतो आणि मोटर जळते. रिवाइंडिंगचे बिल कोणी भरायचे?

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये आणखी एक मेख आहे. तिथे रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर असतो. म्हणून पत्र्यावरच्या आकड्याचे ५८ टक्के लावायचे. १४ अँपिअरच्या मोटरला ८. तिथे १४ लावले तर मोटर २४ अँपिअर ओढेपर्यंत रिले गप्प राहील.

पडण्याची वेळ पाहा

ब्रेकर केव्हा पडतो, यावरून पुष्कळ कळते. खटका वर करताच पडला तर शॉर्ट सर्किट समजावे, पुन्हा पुन्हा उचलू नये. अर्ध्या तासाने पडला तर भार जास्त आहे. फक्त एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पडत असेल तर पॅनेल तापते आहे, किंवा एखादा स्क्रू सैल आहे, किंवा आत रुईचा थर साचला आहे. एकच मोटर पाडत असेल तर तिचे बेअरिंग पाहावे. यांपैकी एकही दुखणे डायल वाढवून बरे होत नाही.

एवढे करावे

नवा गाळा घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तारेची जाडी तपासून घ्यावी. सगळी यंत्रे चालू असताना टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा भार मोजून घ्यावा. आकडे त्यानेच, वीज बंद करून लावावेत आणि तारखेसह पॅनेलच्या दारावर आतून लिहावेत. यंत्र वाढले की हिशेब पुन्हा करावा. भार मंजुरीपेक्षा जास्त होत असेल तर महावितरणकडे अर्ज करावा. मीटरपाशी असलेल्या त्यांच्या सामानाला हात लावू नये.

या सगळ्याला एक दिवस आणि थोडे पैसे लागतात. गाळ्यातला माल बहुधा उधारीचा असतो आणि रात्री तिथे झोपणारा कारागीर कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. दोन्ही आपल्याकडे अमानत आहेत. ब्रेकर पडला तर तासभराचे काम बुडते. तो पडायला हवा तेव्हा पडला नाही, तर त्या नुकसानीची भरपाई कोणत्याही खतावणीत बसत नाही.