तालमीतून आलेला नट: गाब्रिएल लेओनीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘सेन्ना’ ही सहा भागांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि पिवळ्या हेल्मेटमधला एक तरुण चेहरा जगभर ओळखीचा झाला. फॉर्म्युला वनचा तीन वेळचा जगज्जेता आयर्टन सेन्ना साकारणारा हा नट म्हणजे गाब्रिएल लेओनी. त्याचा जन्म २१ जुलै १९९३ चा, रिओ दि जानेरोचा. त्याच्याविषयी आणि तो ज्या टीव्हीतून घडला त्या टीव्हीविषयी काही समजुती सरसकट बोलल्या जातात. त्या तपासून पाहायला हव्यात, कारण त्यांच्यामुळे एका कष्टाच्या कलेवर अन्याय होतो.

गैरसमज: ‘सेन्ना’मुळे तो एका रात्रीत मोठा झाला.

वस्तुस्थिती: ‘सेन्ना’ येण्यापूर्वीची अकरा वर्षं तो ब्राझीलच्या घराघरांत दिसत होता. २०१३ मध्ये तो ग्लोबो वाहिनीच्या ‘मल्यासाँव’ या तरुणांच्या मालिकेत आला. २०१५ मध्ये ‘वेर्दादेस सेक्रेतास’, २०१६ मध्ये ‘वेल्यो शिको’, २०१७ मध्ये लष्करी हुकूमशाहीच्या काळावरची ‘ओस दियास एराम असिम’ अशी कामं ओळीने झाली. यांतल्या ‘वेर्दादेस सेक्रेतास’ला पुढे आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. २०२१ ते २०२४ या काळात ॲमेझॉनच्या ‘दोम’ मालिकेचे तीन हंगाम त्याने मुख्य भूमिकेत पेलले. पोलिसाचा मुलगा व्यसनाच्या नादी लागतो आणि रिओतल्या घरफोड्यांच्या टोळीचा म्होरक्या होतो, अशी ती खऱ्या घटनांवर आधारलेली कथा. सेन्नाची भूमिका मिळाली ती एवढी शिदोरी जमल्यावर.

गैरसमज: ब्राझीलची टेलीनोव्हेला म्हणजे आपल्याकडच्यासारखी वर्षानुवर्षं चालणारी मालिका.

वस्तुस्थिती: रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवणं, हे साम्य खरं आहे. पण टेलीनोव्हेलाला शेवट असतो. रात्रीच्या मुख्य वेळेची मालिका सोमवार ते शनिवार चालते आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांत संपते. रात्री उशिराच्या मालिका आणखी छोट्या असतात. ‘वेर्दादेस सेक्रेतास’ ६४ भागांत आटोपली. शेवटचा भाग हा तिथे मोठा सार्वजनिक प्रसंग असतो. ‘अवेनिदा ब्राझील’चा शेवट २०१२ मध्ये झाला, तेव्हा देशभर त्याचीच चर्चा होती.

मात्र शेवट ठरलेला असला तरी गोष्ट पूर्ण लिहून झालेली नसते. भाग प्रसारित होत असतानाच पुढचे भाग लिहिले जातात आणि प्रेक्षकांचा कौल पाहून पात्रांची वाट बदलते. अशा लेखनाला तिथे ‘ओब्रा अबेर्ता’, म्हणजे खुली कलाकृती, असंच म्हणतात. नटाच्या बाजूने पाहिलं तर, आपल्या पात्राचं पुढे काय होणार हे माहीत नसताना त्याला ते पात्र रोज उभं करायचं असतं.

गैरसमज: रोजच्या मालिकेत खरा अभिनय नसतो, पाठ केलेले संवाद म्हणायचे आणि मोकळं व्हायचं.

वस्तुस्थिती: ‘वेल्यो शिको’चं उदाहरण पाहा. साओ फ्रान्सिस्को या नदीला तिच्या काठचे लोक लाडाने ‘वेल्यो शिको’ म्हणतात. शिको हे फ्रान्सिस्कोचं घरगुती रूप, म्हणून नावाचा अर्थ ‘म्हातारा शिको’. याच नदीच्या परिसरात ही कथा घडते. सांतो हा तिचा नायक आणि मिगेल त्याचा मुलगा. मिगेल होता लेओनी. सांतो होते दोमिंगोस मोंतान्येर हे ज्येष्ठ नट. १५ सप्टेंबर २०१६ रोजी, मालिका संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत मोंतान्येर त्याच नदीत पोहायला उतरले आणि बुडाले.

मालिकेने सांतोला मारलं नाही आणि त्या जागी दुसरा नटही आणला नाही. उरलेल्या भागांत कॅमेराच सांतोचे डोळे झाला. सहकलाकार भिंगाकडे पाहून बोलत राहिले, जणू तो समोर उभा आहे. लेओनी तेव्हा २३ वर्षांचा होता. आपला सहकारी नदीने नेला आहे, भागाची तारीख मात्र टळणार नाही, आणि रिकाम्या जागेकडे पाहून ती भरलेली आहे असं प्रेक्षकाला पटवायचं आहे, अशा वेळी नुसतं पाठांतर पुरत नाही.

गैरसमज: टीव्ही ही खालची पायरी, सिनेमा मिळाला की नट मागे वळून पाहत नाही.

वस्तुस्थिती: ब्राझीलमध्ये ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. २०२५ मध्ये ‘द सीक्रेट एजंट’साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला वाग्नेर मौरा २००७ च्या ‘पाराईझो त्रोपिकाल’ या टेलीनोव्हेलातला गाजलेला खलनायक होता. २०२५ मध्येच गोल्डन ग्लोब मिळवणारी फर्नांदा टोरेस अनेक वर्षं टीव्हीवर विनोदी भूमिका करत होती. लेओनीने २०१९ च्या एका चित्रपटात गायक रोबेर्तो कार्लोसची भूमिका केली, तरी २०२१ मध्ये तो पुन्हा टेलीनोव्हेलात होता. मायकल मानच्या ‘फेरारी’नंतर आणि ‘सेन्ना’नंतरही तो परक्या देशात हरवला नाही, रेसिफे शहरात घडणाऱ्या त्याच ‘द सीक्रेट एजंट’मध्ये त्याने भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली.

गैरसमज: ब्राझीलचे लोक स्पॅनिश बोलतात.

वस्तुस्थिती: ते पोर्तुगीज बोलतात, आणि ही भाषा मराठी माणसाला अगदीच परकी नाही. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आले. काजूचं झाड तर मूळ ब्राझीलचंच. तिथल्या तुपी भाषेतलं त्याचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात उतरलं आणि मराठीत रुजलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधला हा फरक लेओनीच्या कामातही दिसतो: ‘फेरारी’मध्ये त्याने आल्फोन्सो दे पोर्तागो हा स्पॅनिश सरदार इंग्रजी संवादांतून उभा केला. १९५७ च्या मिले मिलिया शर्यतीत अपघाती मरण पावलेल्या या चालकाची भाषाही लेओनीची नव्हती आणि चित्रपटाचीही नव्हती.

गैरसमज: सेन्नाची भूमिका केवळ चेहरेपट्टी जुळली म्हणून जमली.

वस्तुस्थिती: १ मे १९९४ रोजी इमोलाच्या शर्यतीत सेन्नाचा अंत झाला, तेव्हा लेओनी वर्षाचाही नव्हता. देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. तो काळ आठवणारे लाखो लोक आजही आहेत. सेन्नाचा आवाज आणि हेल्मेट काढतानाची त्याची लकब त्यांना तोंडपाठ आहे. शिवाय सेन्ना साओ पावलोचा, लेओनी रिओचा. रिओच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा ‘श’कडे झुकतो, साओ पावलोत तो ‘स’च राहतो. म्हणजे चेहरा जुळला तरी बोलण्याची ढब कमवावीच लागणार.

ही कमाई कुठे झाली, याचं उत्तर त्याच्या त्या २०१३ च्या मालिकेच्या नावातच आहे. ‘मल्यासाँव’ म्हणजे व्यायाम. १९९५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिची कथा एका व्यायामशाळेत घडत होती. मराठीत पैलवानाच्या व्यायामशाळेलाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. दोन्हीकडे रोज हजेरी लावावी लागते आणि तिथे गाळलेला घाम प्रेक्षकाला दिसत नाही. आपल्या घरी संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेतही अशीच तालीम करणारी तरुण मुलंमुली आहेत. त्यांच्या कामाकडे आपण थोडं अधिक आदराने पाहायला हवं.