वाकडी मान आणि झिजलेला मणका: आधी काय, नंतर काय?

मानदुखीवरच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: ‘एमआरआयमध्ये मणक्यात गॅप दाखवलाय. म्हणूनच मान आपोआप एका बाजूला वळते का?’ आजचा भाग यावरच.

सरळ उत्तर असं, की बहुतेक वेळा नाही. उलट, मान सतत वळत राहिल्यामुळे मणका झिजलेला असू शकतो.

डिस्टोनिया हा शब्द हेरमान ओपेनहाइम या जर्मन डॉक्टरांनी १९११ साली वापरला. यात दोष मानेत नसतो, मेंदूत असतो. स्नायूंना ‘आवळ’ आणि ‘सोड’ सांगणारी यंत्रणा बिघडते आणि नको ते स्नायू आवळले जातात. मान उजवीकडे वळवणारा मोठा स्नायू डाव्या बाजूला असतो. तोच अडून बसला, की मान उजवीकडे ओढली जाते, कधी झटके देते. गंमत म्हणजे हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी काही जणांची मान थोडा वेळ सरळ होते. झोपेत ही ओढ बरीचशी थांबते. या दोन खुणा डॉक्टरांना जरूर सांगा. साधी उसण भरलेली मान काही दिवसांत सुटते. ही सुटत नाही.

आता मणक्याकडे येऊ. वयानुसार झीज सगळ्यांचीच होते, आणि ती सहसा मानेच्या खालच्या भागात, पाचव्या ते सातव्या मणक्यांमध्ये जास्त दिसते. डिस्टोनियात मान वर्षानुवर्षं वाकडी पिळली जाते, त्यामुळे वरच्या मणक्यांमध्येही, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्याच्या आसपास, लवकर झीज होऊ शकते. बिजागरी तिरकी बसवून दार रोज आपटावं, तसंच हे. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांची मान सतत हलते, त्यांच्यात तरुण वयातच मज्जारज्जू दाबला गेल्याचं आढळतं.

खरा धोका इथे आहे. हातापायात काही नवीन झालं तरी ‘जुनंच दुखणं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, हातातून वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. दबलेला मज्जारज्जू उशीर झाला तर पूर्ण सावरेलच असं नाही.

उपचारांचा क्रमही यावरूनच ठरतो. डिस्टोनियासाठी नेमक्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. गुण साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. त्याने भागलं नाही, तर निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात. मज्जारज्जूवर दाब असेल तर मणक्याची शस्त्रक्रिया लागते. पण मानेची ओढ आटोक्यात नसेल, तर बसवलेले स्क्रू सैल होण्याची आणि हाड नीट न जुळण्याची भीती राहते. म्हणून दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं बरं.

आणि एक कळकळीची विनंती: वाकडी मान ‘कडकन’ मोडून सरळ करून घ्यायला कुणाकडे जाऊ नका. आत मज्जारज्जू दाबला गेला असेल, तर तो झटका फार महागात पडू शकतो.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!