वामनाचं तिसरं पाऊल

"भावा, असाइनमेंट झाली?"
"झाली की! एआयनं केली."

रंकाळ्याच्या कट्ट्यावर हा संवाद आता रोजचाच. गंमत म्हणजे हीच मंडळी रात्री 'टर्मिनेटर' बघतात आणि 'यंत्रं माणसाला संपवणार' असं स्टेटस ठेवतात. भीती आणि सवय एकाच खिशात!

सायन्स फिक्शन सिनेमा ही अस्वस्थता जवळपास शंभर वर्षं दाखवतोय. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'मध्ये यंत्रमानव कामगारांना भडकवतो. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल हा कॉम्प्युटर अगदी शांत आवाजात अंतराळवीराला दार उघडायला नकार देतो. २०१३ च्या 'हर'मध्ये मात्र मारामारी नाहीच. नायक कॉम्प्युटरच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. म्हणजे आधी यंत्र आपल्याला मारेल ही भीती होती, आता त्याच्याशिवाय जमणार नाही ही आहे.

याच विषयावर मराठीत लिहिणारा शास्त्रज्ञ आपल्याच गावात जन्मला. डॉ. जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूर. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. नाव किती नेमकं! पुराणातल्या वामनाचं मागणंही छोटंच होतं, फक्त तीन पावलं जमीन.

आपल्या फोननंही फार काही मागितलं नाही. पहिल्या पावलात मित्रांचे नंबर गेले, आता घरचा नंबरही पाठ नाही. दुसऱ्यात रस्ते गेले, मॅप लावल्याशिवाय गाडी हलत नाही. तिसऱ्या पावलासाठी बळीनं स्वतःचं डोकं पुढं केलं होतं. आपणही तेच करतोय की!

मग एआय वापरायचंच नाही? तसं नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, येता-जाता दिसतो. बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांसोबत इथंच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' चित्रित केला. तो १९२० मध्ये पडद्यावर आला. यंत्राला ते घाबरले नाहीत आणि त्याच्या पायाही पडले नाहीत. ते कसं चालतं, हे त्यांनी आधी समजून घेतलं.

एआय कॅमेऱ्यासारखं स्क्रू काढून उघडता येत नाही, हे खरं. पण त्यानं दिलेलं उत्तर तर उघडून बघता येतं. हे कुठून आलं? बरोबर आहे का? मला पटतंय का? आधी स्वतः चार ओळी लिहायच्या, अडलं तर त्याला विचारायचं. क्रम एवढा जरी सांभाळला तरी डोकं आपलंच राहतं.

नाहीतर व्हायवाला सर फाईल बाजूला ठेवून म्हणतात, "छान लिहिलंयस. यातला दुसरा मुद्दा जरा समजावून सांग." तेव्हा फोन बॅगेत असतो, आणि बॅग वर्गाबाहेर.