समजून घ्या : काळ्यावर काळा रंग, तरीही चेहरा दिसतो, सूझांची काळी चित्रे पाहायची कशी?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर

कॅनव्हास काळा आणि त्यावरचे चित्रही काळे. मोबाइलवर उघडले तर स्क्रीन बंद पडली की काय असे वाटावे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये अशी चित्रे रंगवली ती गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी. त्यांचे १९५५ सालचे ‘बर्थ’ हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्या रकमेच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. काळी चित्रे मात्र बहुतेकांनी फोटोतच पाहिली आहेत, आणि फोटोत ती दिसतच नाहीत. असे का होते?

सूझा कोण होते?

१२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे त्यांचा जन्म झाला. ते काही महिन्यांचे असतानाच वडील गेले. पुढे देवीच्या आजारातून मुलगा वाचला, म्हणून आईने नवस फेडत त्याच्या नावात संत फ्रान्सिस झेवियर यांचे ‘फ्रान्सिस’ जोडले. मुंबईत शिवणकाम करून आईने त्याला वाढवले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला, पण स्वातंत्र्य चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये तेथून काढून टाकण्यात आले. दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, त्यांनी रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यातले ह. अं. गाडे विदर्भातले.

१९४९ मध्ये सूझा लंडनला गेले. पहिली काही वर्षे हलाखीत काढली. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख आला, त्याच वर्षी गॅलरी वनमधले प्रदर्शन गाजले आणि दिवस पालटले. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

क्युबिझम म्हणजे काय?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शीटवर एकाच वस्तूची तीन दृश्ये काढावी लागतात : समोरून, वरून आणि बाजूने. ही तिन्ही दृश्ये वेगवेगळी न ठेवता एकमेकांत बसवली तर जे तयार होईल, ते साधारण क्युबिझमच्या जवळ जाते. नाक बाजूने दिसते, डोळे समोरून, आणि चेहरा एकच. १९०७-०८च्या सुमारास पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी पॅरिसमध्ये ही पद्धत घडवली.

दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. पहिली, पिकासोला ही दिशा दाखवण्यात आफ्रिकेतील लाकडी मुखवट्यांचा मोठा वाटा होता. पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात त्याने ते पाहिले होते. त्यामुळे सूझांच्या चित्रांना ‘पिकासोची नक्कल’ म्हणताना थोडे थांबायला हवे. खुद्द पिकासोचे चेहरेही बाहेरून शिकलेले होते. सूझांनी त्यात गोव्यातील चर्चमधले संत मिसळले, डोळे कपाळावर चढवले आणि जाड काळ्या रेषेने सगळे बांधून टाकले.

दुसरी गोष्ट रंगाची. १९१०-१२च्या क्युबिस्ट चित्रांत तपकिरी आणि राखाडी यापलीकडे फारसे काही नसते. रंग कमी केला की नजर आकारावर टिकते. पिकासोचे १९३७चे ‘गेर्निका’ तर काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांतच आहे. सूझा याच वाटेने निघाले आणि शेवटच्या टोकाला पोहोचले.

काळाच रंग का?

१९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ही काळी चित्रे मांडली गेली. अभ्यासक त्यांचा संबंध स्पेनच्या गोयाच्या उत्तरायुष्यातील ‘काळ्या चित्रां’शी आणि फ्रान्सच्या इव्ह क्लाईनच्या एकरंगी निळ्या चित्रांशी जोडतात. पण फरक मोठा आहे. गोयाच्या काळ्यात उजळ चेहरे आहेत. क्लाईनच्या निळ्यात चेहराच नाही. सूझांच्या काळ्यात चेहरा आहे आणि तोही काळाच आहे. ज्या रेषेसाठी ते ओळखले जात, ती रेष त्यांनी दिसेल न दिसेल अशा जागी नेऊन ठेवली.

मग चित्र दिसते कसे?

काळा रंग बहुतेक प्रकाश शोषून घेतो. पण तैलरंगाचा पृष्ठभाग चकाकतो, त्यामुळे थोडा प्रकाश परत फिरतो. रंग जाड थापला की ब्रशच्या फटकाऱ्यांचे उंचवटे आणि चऱ्या तयार होतात. प्रत्येक चरीचा कोन वेगळा, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून प्रकाश वेगळ्या दिशेला जातो. तुम्ही दोन पावले डावीकडे सरकलात की आधी न दिसलेला डोळा दिसतो आणि दिसत असलेला ओठ विझतो. इथे रेष रंगाने नव्हे, उंचसखलपणाने काढलेली आहे.

फोटोत गोची होते ती इथेच. कॅमेरा एकाच जागी असतो आणि प्रकाशही एकाच दिशेने येतो. गडद दृश्य आहे असे समजून मोबाइल ते आपोआप उजळ करतो आणि काळ्याचे करडे होते. फाइल लहान करताना जवळजवळच्या गडद छटा एकत्र होऊन जातात, ते वेगळेच.

घरी करून पाहा

हे लिहिण्याआधी पुंडलिकनगरातल्या खोलीवर एक प्रयोग केला. स्टेशनरीच्या दुकानातून काळ्या तैलरंगाची ट्यूब आणली, पुठ्ठ्यावर जाड थर दिला आणि ब्रशच्या मागच्या टोकाने ओल्या रंगात एक चेहरा कोरला. दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च समोरून धरला, तर नुसती चकाकी. तोच टॉर्च पुठ्ठ्याच्या कडेला आडवा धरला आणि चेहरा वर आला. त्याचा फोटो काढला, तो कुणालाही पाठवण्यासारखा नव्हता.

तेव्हा आठवला विठ्ठल. ज्या पुंडलिकाचे नाव आमच्या वसाहतीला आहे, त्याच्यासाठी विटेवर उभा राहिलेला देव काळ्या पाषाणातच घडवलेला असतो. काकड्याच्या वेळी ज्योत हलते तसे त्याचे नाकडोळे उमटत जातात. काळ्यात आकार शोधायची सवय आपल्या नजरेला आहे. फक्त चित्रासमोर उभे राहताना ती आपण विसरतो.

कला आता बहुतेक स्क्रीनवरच पाहिली जाते. लिलावाचा आकडा, एक फोटो आणि पुढची बातमी. सूझांची काळी चित्रे या घाईत बसत नाहीत. ती पाहायची तर त्यांच्यासमोर जावे लागते आणि उभ्या जागेवरून थोडे हलावेही लागते. एखाद्या कलादालनात असे काळे चित्र समोर आलेच, तर फोटो काढण्याआधी दोन पावले डावीकडे, दोन उजवीकडे सरकून पाहा.