इंजिन बांधताना घाई नको

कर्ज काढून घेतलेल्या ट्रकवर अख्ख्या घराची चूल पेटते. म्हणून त्याचे टर्बो इंजिन पुन्हा बांधताना मालकाने गॅरेजमध्ये स्वतः हजर राहावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. होनिंगनंतर ब्लॉक नीट धुतला नाही, तर घासणीच्या दगडाची उरलेली भुकटी नव्या रिंगा व बेअरिंग खाऊन टाकते. बेअरिंगची फट मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. तेथे अंदाज चालत नाही. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळावेत. एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा लावू नयेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. ऑइल पोचण्याआधी इंजिन पळवले, तर तो कोरडाच फिरून जळतो. बांधवांनो, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, पण तोच खर्च दुसऱ्यांदा करण्याची आपली ऐपत नसते.