दारी समुद्र, पाणी आभाळाचं

बर्म्युडात समुद्रकाठचं घर बघायला जाणाऱ्याने आधी मान वर करावी. गुलाबी झाक असलेली वाळू, खडकांवर फुटणाऱ्या लाटा, क्षितिजापर्यंत निळाई, हे सगळं दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसणारच आहे, आणि दलालही तेच दाखवणार आहे. पण घराची खरी पारख होते ती छपरावर.

उत्तर अटलांटिकमधला हा ब्रिटिश प्रदेश अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर दूर आहे. क्षेत्रफळ जेमतेम 54 चौरस किलोमीटर, वस्ती 64 हजारांच्या आसपास. 32 अंश उत्तर अक्षांशावर असूनही गल्फ स्ट्रीमच्या उबेमुळे इथे प्रवाळ वाढतं. नदी मात्र एकही नाही. गोड्या पाण्याचा ओढा नाही, तळं नाही. जमीन सच्छिद्र चुनखडीची, पडेल ते पाणी पिऊन टाकणारी. 1609मध्ये ‘सी व्हेंचर’ हे इंग्रजी जहाज इथल्या खडकांवर अडकलं, त्यानंतर माणसं कायमची राहू लागली, आणि पाऊस झेलल्याशिवाय इथे निभाव नाही हे त्यांना लवकरच उमगलं.

त्यातून हे छप्पर घडलं. बेटावरचीच चुनखडी करवतीने कापून केलेल्या पातळ लाद्या एकीवर एक चढवत नेतात, त्यामुळे उताराला पायऱ्या पडतात. सर आली की पाणी धबाधबा खाली न येता पायरीपायरीवर थबकत उतरतं. कडेला दगडाचाच बोटभर उंचीचा बांध असतो, तो पाणी अडवून नळीच्या तोंडाशी आणतो आणि नळी ते घराखालच्या टाकीत सोडते. वरून चुन्याची सफेदी. चुना पाणी निर्मळ ठेवायला मदत करतो, पांढऱ्या रंगाने ऊन परततं. आता चुन्याऐवजी खास रंग वापरतात, पण शुभ्रपणा तोच. भिंती हव्या तर गुलाबी रंगवा, पिवळ्या रंगवा, छप्पर पांढरंच.

हा निव्वळ रिवाज नाही, कायदाही आहे. छपराचा किमान चार पंचमांश भाग पाणी धरण्यासाठी तयार असावा लागतो आणि अशा दर 10 चौरस फुटांमागे टाकीत 100 गॅलन पाण्याची सोय लागते. म्हणजे 2000 चौरस फुटांच्या छपराला सुमारे 73 हजार लिटरची टाकी. पाऊस वर्षाला साधारण 1400 मिलिमीटर, आपल्या कोकणाच्या निम्म्याहूनही कमी, पण बारा महिन्यांत विखुरलेला. उघडीप लांबली की टँकर मागवावा लागतो. म्हणून घर घेताना टाकीचं झाकण उघडून आत बघावं, भिंतींना भेगा आहेत का, तळाशी गाळ किती साचलाय, शेवटची सफाई कधी झाली हे विचारावं. पोहण्याचा तलाव नंतर बघितला तरी चालेल.

वादळाच्या दिवसांत या व्यवस्थेची कसोटी लागते. सप्टेंबर 2003मध्ये फेबियन आलं तेव्हा बेटं जोडणाऱ्या कॉजवेवरून चार जण समुद्रात वाहून गेले, दक्षिण किनाऱ्यावरचे कडे लाटांनी ढासळले. ऑक्टोबर 2014मध्ये तर फे आणि गोन्झालो एकाच आठवड्यात येऊन आदळली. वादळाची वर्दी मिळाली की लोक टाकीकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं बंद करतात, नाहीतर उडालेलं खारं पाणी आणि पालापाचोळा आत जातो. पुढच्या पावसाने छप्पर धुऊन निघालं की मगच बोळे काढायचे. छपराला बाहेर वळचण जवळजवळ नसते, वाऱ्याला धरायला काही मिळू नये म्हणून. कड्याच्या टोकावरचं घर कितीही देखणं असलं तरी मी ते निवडणार नाही.

परक्या माणसाला इथे वाटेल ते घर घेता येत नाही. 1956च्या कायद्याखाली सरकारी परवाना लागतो, त्याचं भरभक्कम शुल्क द्यावं लागतं, आणि ठरावीक वार्षिक भाडेमूल्याच्या वरचीच घरं त्याच्यासाठी खुली असतात. साधी घरं स्थानिकांसाठी राखलेली. मला हा नियम रास्त वाटतो. एवढ्याशा जमिनीवर तो नसता तर भूमिपुत्रांना घर परवडलंच नसतं. भारतातून पैसे पाठवणाऱ्याला आणखी एक मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात. घरातल्यांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात, पण समुद्रकाठच्या आलिशान घरांच्या किमती कित्येक दशलक्ष डॉलरच्या असतात.

बेटावरचा सर्वांत महागडा पत्ता टकर्स टाउन. तिथे पूर्वी कृष्णवर्णीय कुटुंबांचं गाव होतं, शेती आणि मासेमारी करणारं. 1920च्या कायद्याने एका कंपनीला ती जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार मिळाला, श्रीमंत प्रवाशांसाठी गोल्फ आणि बंगले उभारायला. डिना स्मिथ ही बाई घर सोडायला तयार नव्हती. 1923मध्ये तिला बळाने बाहेर काढलं. बेटावरच्या अशा गेलेल्या जमिनींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल यायला 2021 उजाडलं. इथे घर घेणाऱ्याने जमिनीचे कागद 1920च्या मागे जाऊन वाचावेत, असं मला मनापासून वाटतं. गावाचं चर्च गेलं, शाळा गेली, शेतं गेली. कब्रस्तान मात्र अजून तिथेच आहे, गोल्फच्या हिरवळीला लागून.